आतल्या मुलांपुरतं

"तुम्ही बाहेरच थांबा हं. आत एसी आहे, वास कोंडतो."

पालघरच्या सरकारी कचेरीत, सगळ्यांच्या देखत मॅडम मला हे म्हणाली. ती बोईसरच्या एका कंपनीच्या कॉलनीत राहणारी. मी नवापूरची मासेवाली. त्या दिवशी मी मासळीला हात लावला नव्हता. शिकेकाईने न्हाले होते, लग्नकार्यातली साडी नेसले होते, कडेवर माझी आठ वर्षांची लेक होती. शिपाई हसला. माझ्याबरोबरच्या बाया खाली बघू लागल्या. वास कसला? माझ्याकडून पापलेट घेताना कल्ला उघडून नाकाशी धरणारी बाई ही. तेव्हा वास चालतो.

लेकीचे पाय जन्मापासून आखडलेले. मुंबईला ऑपरेशन झालं, सरकारी योजनेत, फुकट. डॉक्टरांनी बजावलं, आता व्यायाम चुकवायचा नाही, तो फिजिओथेरपीवाल्याच्या हातूनच करून घ्यायचा, नाहीतर पाय पुन्हा आखडतील. विचारलं, हा व्यायाम योजनेत बसतो का? नाही बसत. आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ते काम करणारा माणूसच नाही. खाजगीत जायची ऐपत नाही. म्हणजे सरकारने पाय सरळ करून दिले आणि वर सांगितलं, आता तुमचे तुम्ही सांभाळा.

मॅडमचा मुलगाही तसाच, व्हीलचेअरवर. कॉलनीत मासे विकायला जायची तेव्हा ओळख झाली. ती म्हणाली, आपण सगळ्या आया मिळून सरकारकडे जाऊ, व्यायाम योजनेत घ्यायला लावू. मला ते पटलं. सुकी मासळी घेऊन मी मनोरच्या बाजाराला जाते, माकुणसारला जाते. कुठल्या घरात असं मूल आहे, मला ठाऊक असतं. कुणाला पाहुणे आले की आतल्या खोलीत सारतात. कुणी दिवसभर ओटीवर एकटंच पडलेलं. त्यांच्या आयांना मी गोळा केलं. मनोरच्या डोंगरातली एक बाई पोराला पाठीशी बांधून यायची. ती म्हणाली, "बाय, तू हायस म्हणून येतं मी." मी होते म्हणून त्या आल्या. हे मी विसरू शकत नाही.

तर त्या दिवशी कचेरीत साहेबांनी निरोप धाडला, एकच जण आत या. मॅडम गेली. आम्ही जिन्यापाशी बसलो. वासाचं बोलणं जिव्हारी लागलं होतं, तरी मी गिळलं. म्हटलं, काम होऊ दे. आमच्याकडे बोट किनाऱ्याला लागली की वाटे पडतात. ज्या घरचा माणूस आजारी, दर्यावर गेलाच नाही, त्याच्याही घरी म्हावरं जातं. मागावं लागत नाही. मला वाटलं, हेही तसंच. आत कुणीही जावो, मिळेल ते सगळ्यांचं.

ती हसत बाहेर आली. "झालं काम. सरकारी थेरपिस्ट आता बोईसरला येणार." बाया रडल्या. मनोरवाली तर तिच्या पाया पडली. कुठे येणार, कुणासाठी येणार, आमच्यातल्या एकीनेही विचारलं नाही.

थेरपिस्ट आली. कॉलनीच्या हॉलमध्ये. कॉलनीच्या गेटच्या आत.

मी लेकीला घेऊन गेले. गेटवरचा वॉचमन मला चांगला ओळखतो. डोक्यावर टोपली असली की हातानेच जा म्हणतो. त्या दिवशी आडवा झाला. "मछली लाओगी तो जाने दूँगा. बच्ची का नाम नहीं है."

मी तिथूनच मॅडमला फोन लावला. ती गोड आवाजात म्हणाली, "अहो, सध्या आतल्या मुलांपुरतंच आहे. तुमचं पुढच्या टप्प्यात बघू."

मी गेटवर उभी राहून रडले. साहेबाने फसवलं असतं तर इतकं लागलं नसतं, साहेब आमचे कोण? ही आई होती. मुलाचे पाय रात्री कसे पिळवटतात, हे तिला सांगावं लागत नव्हतं. आणि तिच्या नवऱ्याची कंपनी तिच्या मुलाचं सगळं औषधपाणी करते. तरी सरकारकडून आलेलं तिने गेटच्या आत घेतलं. आमची पोरं दाखवून घेतलं. मनोरवालीला हे सांगताना मला तिच्याकडे बघवेना.

पुढचा टप्पा आलाच नाही. लेकीचा डावा गुडघा पुन्हा वाकला. धरून चार पावलं टाकायची, तीही बंद झाली.

मग एक दिवस मॅडमचाच फोन. पालघरच्या कचेरीत मुंबईहून मोठे अधिकारी येणार होते. "मुलीला नक्की आणा. पुढेच बसवू. पायांना बांधलेले पट्टे काढून आणा, पाय नीट दिसू देत. तुम्ही रडलात तरी चालेल. बोलायचं मी बघते."

ऐकता ऐकता माझं डोकं थंड झालं. इतकं थंड कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "माझी पोर दाखवायला नाय मिळनार. मी येन. बोलायला येन."

गेले. मनोरवाली, माकुणसारवाली, सगळ्यांना घेऊन गेले. एकच जण आत या, असं पुन्हा सांगितलं, आम्ही सगळ्या शिरलो. मॅडम कानाशी येऊन म्हणाली, असं करू नका, जे आहे तेही जाईल. मी तिच्याकडे बघितलंही नाही. मुंबईवाल्यांच्या देखत पालघरच्या साहेबांना म्हटलं, ऑपरेशन योजनेत घेता, मग व्यायामही घ्या. आणि माणूस सरकारी दवाखान्यात बसवा, जिथे वॉचमन नाव विचारत नाही. साहेब म्हणाले, लेखी द्या, वर पाठवतो. दिलं. ते वरच आहे.

म्हणून आता आम्ही दर सोमवारी पालघरच्या कचेरीत जातो. साहेबांच्या दारासमोर गोधड्या अंथरतो आणि पोरांचे पाय तिथेच ताणतो. मुंबईला दाखवलेले दोनतीन प्रकार मला येतात. ते पुरत नाहीत, माहीत आहे. गुडघा ताणला की लेक किंचाळते. तिच्यामागे दुसरं मूल, मग तिसरं. गेल्या खेपेला साहेब बाहेर आले आणि म्हणाले, इथे मुलांना रडवू नका, आत काम सुचत नाही.

येत्या सोमवारी परत जाणार आहे. लेक किंचाळेल, मी तिचा पाय सोडणार नाही. साहेबांना काम सुचत नसेल तर त्यांनी दवाखान्यात माणूस पाठवावा.