खुनाच्या कादंबरीची समाप्ती

कादंबरी कानांनी ऐकायची वस्तू आहे, असं आमच्या आळीचं ठाम मत होतं. डोळ्यांनी वाचली की ती अभ्यासासारखी होते, असं म्हणत. मी शाळामास्तर, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नसे.

जळगावात तेव्हा दुपारी शेटाणीच्या अंगणात बायका जमत. हाताशी निवडायची डाळ असे आणि समोर वाचणारा. वाचणारे मी बरेच ऐकले. एक वकील होते. ते नायिकेचं प्रेमपत्रही उलटतपासणी घेतल्यासारखं वाचत. त्यानंतर नाटक मंडळीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. ते स्त्रियांचं बोलणं इतक्या लाडिक आवाजात वाचत, की बायकाच खाली बघत. मी स्वतः आठवडाभर वाचून पाहिलं. स्वच्छ, शांतपणे, विरामचिन्हं पाळून. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेव्हा म्हणाली, "भाऊ, तू वाचतोस तेव्हा खून झालेला कळतच नाही रे. पंचांग ऐकल्यासारखं वाटतं."

मग शेटाणीने नशिराबादहून नानांना बोलावलं. नाना पोथी सांगणारे. चातुर्मास संपला की त्यांना काम नसे. त्यांनी कादंबरी हातात घेतली ती पोथीसारखीच. चौरंग मांडला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि देवाचं नाव घेऊन पहिल्या खुनाला सुरुवात केली. पुस्तक वाचनालयाचं होतं आणि माझ्या नावावर आणलेलं होतं, याचं कुणाला काही नव्हतं.

ती कादंबरीही कसली! देवळाखाली भुयार, भुयारात सांगाडा, रात्री-अपरात्री फिरणारा एक वकील, एका सज्जन काकांच्या डोळ्यांत मधूनच 'विलक्षण चमक'. खुनी कोण हे मला तिसऱ्याच प्रकरणात कळलं. लेखकाचं सगळं कसब एवढंच, की प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नायिकेला कुठेतरी अडकवायचं. नानांनी तेही चालू दिलं नाही. पोथी बांधताना संकटाच्या जागी बांधायची नाही, हा त्यांचा रिवाज. नायिका विहिरीत लोंबकळत असली की ते पुढचं प्रकरण उघडत, तिला वर काढत, कोरडं लुगडं नेसवत, आणि ती स्वस्थ बसली की मगच पुस्तक मिटत. लेखकाने ज्यासाठी रक्त आटवलं ते सगळं रोज असं वाया जाई. शिवाय दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची दोन पानं पुन्हा. खलनायक बोलला की त्यावर निरूपण. मी ओट्यावर बसून दातओठ खात असे.

अक्का मात्र समोर बसून ऐके. मोतीबिंदूने तिला अक्षर दिसेनासं झालं होतं. बोदवडला तिच्या सासरी धान्याचा मोठा व्यापार होता. घरात वाचू शकणारे पुष्कळ, पण ते वाचत ते बाजारभाव. माहेरी येऊन महिनाभर तिने ही कादंबरी ऐकली होती, आणि आता शेवटचं एक प्रकरण उरलं होतं. नेमका त्याच वेळी, सोमवारी, तिला न्यायला तिचा दीर आला.

नाना म्हणाले, समाप्ती गुरुवारी. समाप्तीला गुरुवारच लागतो.

"नाना, ही कादंबरी आहे," मी म्हणालो. "तिला वार कळत नाही."

"तिले नही कळस," नाना शांतपणे त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "आपले कळस ना?" मग अक्काकडे वळून म्हणाले, "अक्का, गाडी रोज शे. समाप्ती एकदाव शे."

सासरहून माणूस आल्यावर अक्काला राहते म्हणण्याची सोय नव्हती. एकदा गेली की पुन्हा वर्षभर येणं नाही. मी म्हणालो, "खुनी कोण ते मी सांगतो." ती म्हणाली, "सांगितलंस तर तुझ्या घरचं पाणी पिणार नाही."

शेवटी मी चौरंगावरून पुस्तक उचललं. वाचनालयाचं पुस्तक आहे, देव्हाऱ्यातलं नाही, असं जरा मोठ्याने म्हणालो. नानांनी अडवलं नाही. फक्त पुस्तकाला हात जोडले. त्याचाच मला जास्त राग आला.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. दीर पाणी आणायला गेला, तेवढ्यात मी अक्काला ट्रंकेवर बसवलं आणि वाचायला लागलो. शक्य तितक्या आवेशाने वाचलं. शेजारच्या बाकावरच्या एका हवालदाराने मान वळवून पाहिलं, एवढा आवेश. पान संपलं तेव्हा अक्काने पुस्तकावर हात ठेवला.

"राहू दे रे."

"अजून खुनी सापडायचाय."

"तू नको सापडवू. मी अर्ध्यावरच जाते. नानांच्या तोंडून उरलेलं बरं, तुझ्या तोंडून संपलेलं नको."

तेवढ्यात दीर परत आला. पुस्तक माझ्या मांडीवर होतं, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर महिन्याभराचं हळदकुंकू बसलेलं. त्याने चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला.

"ग्रंथ चालू होता काय, मास्तर?"

मी काही म्हणण्याआधी अक्का म्हणाली, "समाप्ती गुरुवारी आहे, भावजी. मी म्हटलं, तुम्ही आलात, कसं थांबू?"

"म्हणजे समाप्ती सोडून चाललात?" दिराचा चेहरा उतरला. व्यापारी माणूस, तिन्हीसांजेला उसनं मीठसुद्धा द्यायला घाबरणारा. "नाही, नाही. असं करू नये. कोणता ग्रंथ, मास्तर?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, तरी पाहिलं.

"अधर्माचा नाश आहे त्यात," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"मग मीही थांबतो," दीर म्हणाला.

गाडी आली आणि गेली. मी ट्रंक पुन्हा टांग्यात चढवली.

गुरुवारी शेटाणीने प्रसादाचा शिरा केला. दीर धुतलेलं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसला. भुयार, सुरा, गुप्तहेराची टोपी, सगळं त्याने हात जोडून ऐकलं. हा आता उठेल, मग उठेल, म्हणून मी त्याच्याकडेच बघत होतो. खुन्याचं नाव यायचं त्या ओळीवर नाना थांबले. पाणी प्यायले. डोळे मिटून सगळ्यांना देवाचं नाव घ्यायला लावलं. अंगणातल्या डाळीच्या सुपांचा आवाज बंद झाला. अक्काने पदर मुठीत धरला होता. मग नानांनी काकांचं नाव घेतलं, ते एखाद्या राक्षसाचा वध सांगावा तसं.

"मेल्या!" अक्का म्हणाली. "आणि मी त्या बिचाऱ्या वकिलावर महिनाभर संशय घेत होते." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतही होती. मला तिसऱ्या प्रकरणापासून ठाऊक होतं, पण असं काही झालं नव्हतं.

दिराने शिरा संपवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, ही पोथी नव्हती."

"नव्हती."

"काका असं करील असं वाटलं नव्हतं हो." मग त्याने हळूच विचारलं, "या नानांना असे आणखी ग्रंथ येतात काय?"

शुक्रवारच्या गाडीने अक्का गेली. बरोबर दीर, आणि दिराच्या शेजारी नाना, मांडीवर चौरंग घेऊन. बोदवडच्या ओसरीवर त्या हिवाळ्यात किती सज्जन काका पकडले गेले, ते मला पुढे सविस्तर कळत राहिलं. मी फलाटावरून हात केला. खिडकीत नाना अक्काला काहीतरी सांगायला लागले होते, आणि माझ्या निरोपाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.