ल्यूकनची रिले पोस्ट

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर टीव्ही बघितला. जानेवारी दोन हजार एकवीस. ठिकाण ल्यूकन, आयर्लंड, पोराचं घर. सकाळचे साडेआठ, बाहेर जेमतेम उजाडलेलं. मंगल सोफ्यावर, पायांवर गोधडी. तिचं बिस्किट चहात तुटून पडलं आणि ती ते चमच्याने काढत बसली. "आवं, आवाज वाढवा," म्हणाली. मी वाढवला. बातम्या आमच्या जिल्ह्याच्या होत्या. कांद्याचा भाव, एका पुलाचं रखडलेलं काम, मग निधन वार्ता. ओळखीचं कोणी नव्हतं. दुपारी तिला धाप लागली म्हणून दवाखान्यात नेलं.

आयर्लंडमध्ये बसून सातारा जिल्ह्याच्या बातम्या कशा बघितल्या, ते सांगतो. मी फौजेच्या सिग्नलमधून, म्हणजे रेडिओच्या कामातून, हवालदार होऊन रिटायर झालो. शिक्षण सातवी. घडलं तसं लिहितो.

पोरगा संदीप क्लोनडॉकिनला औषधाच्या कंपनीत आहे. फेब्रुवारी वीसमध्ये आम्ही त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी आलो. विमानं बंद झाली आणि इथेच अडकलो. जेवण, झोप, घरामागच्या अंगणात फेऱ्या, हे रूटीन. तक्रार नव्हती. कसं चाललंय असं नातीला विचारलं तर म्हणायची, "आजोबा, इट्स ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, बरं चाललंय.

मंगलचा थोरला भाऊ, दादा, तिच्या माहेरी असायचा. रोज फोनवर बहीणभावाचं भांडण चालायचं. सप्टेंबरात दादा फोनवर यायचा बंद झाला. भावजय सांगायची, दादा झोपलेत. दुसऱ्या दिवशी, रानात गेलेत. मग घसा बसलाय. मंगल एकदा फोन ठेवून म्हणाली, "ज्याचा घसा बसलाय तो रानात काय करतोय? हे माझ्याशी खोटं बोलत्यात."

मी म्हणालो, "संदीपला विचारू."

"त्यो बी त्यातलाच. आईला सांगू नका, तिचं हार्ट वीक हाय, असं ठरलं आसल. मला आपलं टीव्ही चॅनेल लावून द्या. तिथं कोण गेलं ते फोटोसकट दावत्यात."

ते चॅनेल गावाकडे डिशवर लागतं. संदीपने नेटवर शोधलं, तिथे नुसती नाचगाणी. निधन वार्ता नव्हत्या.

शेजारी नोएल राहायचा. माझ्याच वयाचा, तीस वर्षं इंग्लंडात लीड्सला गवंडीकाम केलेला. तो इंग्रजीत बोलायचा, मी फौजेतल्या इंग्रजीत. कुंपणाच्या अल्याड पल्याड उभं राहून काम भागायचं. मला सार्जंट म्हणायचा. तो रोज लीड्सच्या लोकल बातम्या लावायचा. मी विचारलं, त्या इथे कशा?

"इथल्यांसाठी नाहीतच. पण सॅटेलाइटवर सगळ्या गावांची चॅनेलं एकत्रच येतात. बॉक्समध्ये फ्रीक्वेन्सी हाताने घालायची."

"तिथलं काय बघतोस?"

"आमच्यापेक्षा त्यांच्याकडे पाऊस जास्त झाला का, ते. बरं वाटतं."

मी विचार केला, याला लीड्स लागतं तर मला माझा जिल्हा का लागू नये. आधीच्या भाडेकरूची डिश मागच्या भिंतीवर होती. शिडी लावून वर चढलो आणि गावाकडच्या छपरावर आमची डिश जशी आहे, तसाच अँगल दिला. आग्नेयेला तोंड, चांगली वर. दिशेचं काम आयुष्यभर केलेला माणूस मी, आणि आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हेच विसरलो. सिग्नल शून्य. मग कंपास काढला, हिशोब केला. आपला सॅटेलाइट इथून पूर्वेला, खाली, आणखी खाली. डिश खाली करत करत कुंपणाच्याही खाली आली.

नोएलने खिडकी उघडली. "सार्जंट, तुझी डिश माझ्या किचनमध्ये बघतेय."

"सॅटेलाइट त्याच दिशेला आहे."

"मग तो माझ्या प्रेसमध्ये असेल. चहापत्तीच्या डब्यामागे बघतो." इकडे कपाटाला प्रेस म्हणतात.

आपला सॅटेलाइट इथून क्षितिजाच्या खाली आहे. केवढीही डिश लावा, मधे पृथ्वी येते. संदीप खालून ओरडत होता, "बाबा, उतरा! वय काय तुमचं?" मंगल दारात उभी. "उतरा आता. पडला तर तुमचा फोटो तिकडच्या टीव्हीवर यील, आन त्यो बी मला दिसायचा न्हाय."

उतरलो. नातीची कार्टूनं बंद पडली होती ती वेगळीच.

त्या दुपारी मला गणपत आठवला.

गणपत माझ्या गावचा, माझ्याच गल्लीतला, लान्स नायक. डोंगरात पोस्टिंग होती. आमची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, डोंगराच्या पलीकडे, हेडक्वार्टर अलीकडे. रेडिओला डोंगर पार होत नाही. अशा वेळी वर रिले पोस्ट लावतात. वरचा माणूस दोन्हीकडचं ऐकतो आणि पुढे पाठवतो. नियम एकच. मेसेज जसा आला तसा द्यायचा. वाईट असला तरी शब्द बदलायचा नाही, गाळायचा नाही.

एका संध्याकाळी बर्फ सुरू झाला. मी पेट्रोलच्या सेटवर होतो. गणपतचा आवाज आला, "मेसेज. पेट्रोल जिथे आहे तिथे थांबा. रिले पोस्टला आज रिलीफ मिळणार नाही. रिले पोस्ट रात्रभर वरच राहील. ओव्हर."

रिलीफ म्हणजे बदलीची माणसं. रिले पोस्ट म्हणजे तो स्वतः आणि एक जवान. बाजारभाव वाचावा तसं वाचलं त्याने.

मी म्हणालो, "रॉजर. गणप्या, थंडी किती आहे? ओव्हर."

"सेटवर नाव घेऊ नको. सेट सकाळी सहाला उघडतो. आउट."

सेटवर ओव्हर म्हणजे आता तू बोल, आउट म्हणजे बोलणं संपलं. सहा वाजता मी कॉल दिला. उत्तर आलं नाही. वरून बर्फ घसरला होता. तंबू दुसऱ्या दिवशी सापडला, दोघे त्यातच होते.

मी मंगलला म्हणालो, "मधे पृथ्वी आहे. रिले लावू."

गणपतची बायको, शांतावैनी, गावातच राहते. मुद्दाम तिलाच निवडलं असं नाही. गल्लीत डिश आणि धड चालणारं नेट, दोन्ही तिच्याच घरी होतं. तिला सांगितलं, रोज दुपारी दोनच्या बातम्यांना व्हिडिओ कॉल लावायचा आणि फोन तांब्याला टेकवून टीव्हीसमोर ठेवायचा. आमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ. ऑक्टोबरात इथल्यांनी घड्याळ मागे केलं, मग साडेआठ.

वैनी पहिल्याच दिवशी म्हणाली, "भावजी, समदं दावू? काय बी आलं तरी?"

"जे येईल ते."

तिने फोन तांब्याला टेकवला. "बरं."

महिनाभर रोज बघितलं. मंगल निधन वार्तांना चष्मा लावायची, संपल्या की काढायची. एका सकाळी दादाचा फोटो आला. फेटा बांधलेला. खाली लिहिलं होतं, द्वितीय मासिक पुण्यस्मरण.

वैनीला ते आधीपासून माहीत असणार. फोन तिच्या हातात होता, फिरवता आला असता. नेट गेलं म्हणता आलं असतं. फोन हलला नाही.

मंगल म्हणाली, "दोन म्हैने. म्हंजी मी दोन म्हैने मेलेल्या माणसावर रुसून बसले हुते." रडली नाही. भावजयीला फोन लावला. "वैनी, आता तरी खरं बोल." मग दोघी रडल्या. संदीप खाली मान घालून उभा होता. त्याला ती फक्त एवढंच म्हणाली, "चा टाक."

संध्याकाळी मला म्हणाली, "माझं झालं की फोटो ह्याच चॅनेलवर लावा. गल्लीत सगळ्यांस्नी कळू द्या. लपवालपवी नको."

"गप बस," मी म्हणालो.

जानेवारीत तिला धाप लागली तेव्हा दवाखान्यात कोणाला आत सोडत नव्हते. ती दुपारी गेली ती परत आली नाही. रात्री फोन आला. संदीपचं मत होतं, गावी सगळ्यांना हळूहळू सांगू, तिकडच्या आत्याचं वय झालंय. मी म्हणालो, नाही. चॅनेलचा नंबर मागून घेतला, नाव, गाव आणि फोटो पाठवला. तिकडे तेव्हा उजाडलं होतं.

सकाळी साडेआठला मी सोफ्यावर जाऊन बसलो. दाढी केली होती. कॉल आला. तांब्याला टेकवलेला फोन, वैनीचा टीव्ही. कांद्याचा भाव झाला. निधन वार्तांत तिसरा फोटो मंगलचा होता. मी उभा राहिलो. फोन हलला नाही.

फोटो गेला. वैनीचा आवाज आला, "भावजी, मिळालं का?"

"मिळालं. जसं पाठवलं तसं. ओव्हर."

आउट म्हणायचं होतं. म्हणालो नाही. तिनेही फोन तसाच ठेवला. बातम्या संपून जाहिराती लागल्या, त्याही मी बघितल्या.