आईच्या नावाची घागर

मार्चच्या सुरुवातीला आई गेली. मला भाऊ नाही, त्यामुळे तेरवीपर्यंतचं सगळं माझ्याकडेच आलं. पुलगावातली माझी दोन खोल्यांची जागा नातेवाइकांनी भरली आणि माझी आठ वर्षांची मुलगी त्या गर्दीत आजीच्या रिकाम्या खाटेकडे बघत बसायची. तिच्या बाबांना मीच फोन केला. आम्ही वेगळे झालो तेव्हाच ठरलं होतं, शाळेचे दिवस ती माझ्याकडे राहील आणि सुट्ट्या त्यांच्याकडे, आंजीला. तेरवी होईपर्यंत तिला घेऊन जा, मी म्हटलं. ते त्याच संध्याकाळी मोटारसायकलवर आले. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि मी तिला आणायला निघणार, तोच कोरोनामुळे सगळं बंद झालं.

आंजीच्या लोकांनी तर गावात शिरायच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आणि एक जुनी बैलबंडी आडवी लावली. बाहेरचं कुणी आत नाही आणि आतलं कुणी बाहेर नाही, असं तिच्या बाबांनी फोनवर सांगितलं. "पोरगी मजेत आहे," ते म्हणाले. "तू तुही तब्येत सांभाळ." ते मनापासूनच बोलत होते. मला मात्र ते 'मजेत' लागलं.

ती कुणामुळे मजेत होती, हे मला ठाऊक होतं. माझी मोठी जाऊ. तिला दोन मुलगे, दोघेही कामाला लागलेले. मुलगी नाही. तिकडे मोठ्या काकाच्या बायकोला सगळीच मुलं मोठी आई म्हणतात, माझीही म्हणते. मी त्या घरात नांदत होते तोवर त्यात मला काही खुपलं नव्हतं. आता रोज दुपारी व्हिडिओ कॉल लागला की आधी तिच्याच बांगड्यांचा आवाज यायचा, मग माझ्या मुलीचा चेहरा.

माझ्याकडे केसांना तेल लावायचं म्हटलं की ती घरभर पळायची. तिथे मात्र जावेच्या गुडघ्यांत मान घालून निमूट बसलेली दिसायची. माझ्याकडे दूध टाकून द्यायची. तिथे कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक वाटीभर खाऊन वाटी चाटायची. मी शाळेत शिकवणारी, तिच्याशी पुस्तकातली मराठी बोलत आले होते. एके दिवशी ती म्हणाली, "आई, मी आता नाई बोलत, मले वडे घालाले बोलावून राह्यले." फोन ठेवल्यावर मी वाचायला बसले आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आईसाठी आलेलं रडू आणि जावेचा आलेला राग यांतलं कुठलं कुठे संपत होतं, ते मला सांगता आलं नसतं.

मग अक्षय तृतीया आली. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरतात आणि त्याच्या जागी कुणालातरी बसवून जेवू घालतात. घागरी विकायला कुणी बसलंच नव्हतं. मी स्टीलची कळशी भरली. स्वयंपाक केला, चिंच-गुळाची चिंचवणी केली आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना जेवायला बोलवायला गेले. आईचा त्यांच्याशी घरोबा होता. त्यांनी दार अर्धंच उघडलं, हात जोडले आणि पुन्हा लावून घेतलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी आईचं ताट तिच्या खाटेजवळ ठेवलं. समोर जेवणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलीच्या कपाळावर कुंकू होतं आणि समोर पळसाची पत्रावळ.

"आई, मोठ्या आईनं आजीची बी घागर भरली," ती म्हणाली. "मले आजीच्या जागी बसवलं. मी तीन कुरडया खाल्ल्या."

मी हसले असेन. छान झालं, असंही म्हणाले. आणि फोन बंद करून ती कळशी मोरीत ओतली. माझी मुलगी तिच्याकडे होती, ते मी कसंबसं सोसत होते. आता माझी आईसुद्धा तिच्याच अंगणात जेवली होती.

मे महिन्यात जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जायची मोकळीक मिळाली, तशी मी स्कूटी घेऊन निघाले. सुट्टी तिच्या बाबांच्या वाट्याची होती, पण त्यांनी अडवलं नाही. बंडी अजून तिथेच होती. राखणीला बसलेले शेजारचे म्हातारे मला ओळखून म्हणाले, "मास्तरीणबाई, दुरूनच. सासर असलं तरी आता तुम्ही परगावच्या." पलीकडे मुलगी, तिचे बाबा आणि नाकावर पदर धरलेली जाऊ उभी होती. मुलगी फांद्यांच्या कडेने वाकून आली आणि माझ्या कमरेला बिलगली. एकच वेणी, घट्ट आणि चोपडी. मी घालायचे तशा दोन नव्हत्या.

तिचे बाबा पिशवी स्कूटीला अडकवत होते, तेव्हा जाऊ पलीकडूनच बोलली. "रोज रडे पोरगी, झोपाच्या वक्ताले. तुह्याचसाठी. मले म्हणे, आईले सांगू नको, तिची आई मेली आहे. म्हून मी तिच्याजोळ निजो."

मला बरं वाटायला हवं होतं. मुलगी माझ्यासाठी रडत होती. पण माझ्यासाठीचं ते रडूही पुसलं होतं जावेनेच, आणि माझ्या दुःखाची काळजी माझ्या मुलीने घेतली, ती जावेच्याच कुशीत. मी जावेला 'येते' म्हटलं.

घरी आल्यावर जेवून मुलगी आजीच्या खाटेवर आडवी झाली. मी तिच्या शेजारी निजले. उन्हामुळे खिडकी लावून घेतली होती. जरा वेळाने झोपेतच तिने हात चाचपडत पुढे केला आणि हाक मारली, "मोठी आई."

तिला हलवून जागं करावं, मी कोण आहे ते सांगावं, असं वाटलं. तिचा हात अजून चाचपडत होता. मी तो धरला आणि म्हटलं, "ओ."