ठमीची अंघोळ

आमच्या घरातल्या तिन्ही कोंबड्या माझ्यापेक्षा स्वच्छ राहतात, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

लेखी देणं हा तसा माझा पेशाच. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात अवर सचिव आहे. दिल्लीत आर. के. पुरमला तळमजल्याचं क्वार्टर आहे, मागे हातरुमालाएवढं अंगण आहे आणि त्यात ठमी, झिपरी आणि राणी या तीन कोंबड्या आहेत. (सरकारी क्वार्टरमध्ये कोंबड्या चालतात का, असं विचारू नका. नियमांच्या फायली माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून मला खात्रीनं माहीत आहे की त्या कुणी वाचत नाही!) कोंबड्या आणल्या माझ्या मुलीच्या, सईच्या हट्टापायी. सई सातवीत आहे. तिचा जीव ठमीवर, आणि ठमीचा जीव पोळीच्या तुकड्यावर.

कोंबड्यांना घर हवं, म्हणून मी त्यांना माझं कपाट दिलं. ऑफिसात एकोणीस वर्षं माझ्या पाठीशी उभं असलेलं सागवानी कपाट. जुनं फर्निचर लिलावात निघालं तेव्हा ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाणार, हे मला बघवेना. मी ते घरी आणलं.

"अहो, हे कुठे ठेवणार?" वर्षानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दारातच विचारलं.

"अंगणात. कोंबड्यांना."

"कोंबड्यांना सागवान? आपल्याला प्लायवूड आणि कोंबड्यांना सागवान?"

पण मी ऐकलं नाही. दाराला जाळी ठोकली, दर कोंबडीला एक स्वतंत्र खण दिला. (मला स्वतःला स्वतंत्र केबिन मिळायला चौदा वर्षं लागली होती.) खाली अंथरायला फायली बांधायची जुनी लाल फडकी घातली. थंडी पडल्यावर आत शंभरचा दिवा लावला. कोंबड्या आत बसल्या की हुबेहूब आमचा सेक्शन दिसायचा, फक्त काम जास्त व्हायचं.

एकच गोष्ट मला खटकायची. या बाया दिवसभर अंगणातली माती उकरायच्या, खड्डा करायच्या आणि त्यात लोळायच्या. पंखांनी माती अंगावर उडवायच्या, डोळे मिटून एका कुशीवर पडायच्या. वाळत घातलेले माझे पांढरे शर्ट खाकी व्हायचे. "शी, काय घाणेरड्या आहेत!" असं मी रोज म्हणायचो. शेवटी दिवाळीच्या सफाईत माणूस बोलावून अख्ख्या अंगणाला फरशी बसवून घेतली. अंगण चकाचक झालं. वर्षानं लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या एखाद्या निर्णयाचं कौतुक केलं.

त्यानंतर कोंबड्या फरशीवर एक विचित्र नाच करायला लागल्या. खाली बसायच्या, कोरड्या फरशीवर पाय घासायच्या, हवेतच पंख फडफडवायच्या आणि मग गोंधळून उठायच्या. आम्हाला वाटलं, नव्या फरशीचा आनंद झालाय! सईनं व्हिडिओ काढला, त्यावर गाणं लावलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. नाशिकच्या मावशींनी तर टाळ्यांची रांग पाठवली. आज तो व्हिडिओ बघताना मान वर करवत नाही.

डिसेंबरच्या शेवटी ठमीनं अंडं देणं बंद केलं. तिचा लालभडक तुरा फिका पडत पडत गुलाबी झाला. शेपटीखालची पिसं गळली. एका रविवारी सई तिला मांडीवर घेऊन उन्हात बसली होती, ती एकदम ओरडली, "बाबा! ठमीच्या अंदर काहीतरी चल रहा है!"

"मराठीत सांग."

"बाबा, मराठी नंतर! इकडे ये ना!"

मी पिसं बाजूला केली आणि थिजलो. भुऱ्या, चपट्या उवा! एक नाही, दोन नाही, अख्खी वस्तीच. उजेड पडताच सगळ्या एका झटक्यात पिसांत पसार झाल्या. पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गोळे असे घट्ट चिकटलेले, की नखानं सुटेनात. मला किळस यायला हवी होती, पण खरं सांगतो, आधी वाटला तो अचंबा. आमच्या नाकाखाली, तीन खणांत, एवढी मोठी लोकसंख्या सुखानं नांदत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता!

सईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, ठमी मरणार का?"

"छे! मी आहे ना. आठ दिवसांत ठणठणीत करून दाखवतो. प्रॉमिस."

माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही कामाला मुदत दिलेली नव्हती. ती पहिली.

माझं निदान सरळ होतं. उवा का होतात? अस्वच्छतेनं. उपाय काय? अंघोळ! मी केमिस्टकडून उवांचा शाम्पू आणला (तिथल्या पोरीनं आधी माझ्या टकलाकडे बघितलं, मग बिल केलं) आणि टबात कोमट पाणी काढलं. दिल्लीतला जानेवारी, बाहेर धुकं, आणि मी एकेका कोंबडीला शाम्पू लावतोय! झिपरी बोचकारून पळाली. राणी माझ्या डोक्यावर चढली. ठमीनं मात्र मान टाकली आणि सगळं मुकाट्यानं करून घेतलं, ते मला जास्त लागलं. मग वर्षाचा हेअर ड्रायर लावून तिघींना वाळवलं.

वरच्या मजल्यावरचे चढ्ढाजी बाल्कनीतून बघत होते. चढ्ढाजी म्हणजे आमच्या ब्लॉकचे स्वयंघोषित प्रमुख. त्यांनी हाक मारली, "कानडे साब! शादी-वादी है क्या किसी की?"

"नहीं जी, जुएँ हैं।"

"अच्छा? आपको?"

ही बातमी संध्याकाळपर्यंत ब्लॉकभर झाली. लिफ्ट नसूनही लोक माझ्यापासून लांबून जिना चढायला लागले.

उवा जराशा कमी झाल्या, पण ठमी आणखी मलूल झाली. त्यात आता मलाच खाज सुटली. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी चहाचा कप घेऊन त्या कपाटाला टेकून बसायचो. जुनी सवय, दुसरं काही नाही. तर आधी मान खाजली, मग पाठ, मग जिथे चारचौघांत हात नेता येत नाही तिथे. बुधवारच्या मीटिंगमध्ये मी खाजवलं. पाच मिनिटांत शेजारच्या सेक्शनच्या बाईंनी खाजवलं. मग आमचे संयुक्त सचिव बोलता बोलता थांबले आणि त्यांनी पेन्सिल कॉलरमध्ये घातली. मी डोळे मिटून घेतले. एवढ्या वर्षांत मी खात्याला दिलेली एकमेव गोष्ट, जी लगेच खालून वरपर्यंत पोचली!

आठातले पाच दिवस संपले होते. मी सुट्टी टाकली आणि सईला सोबत घेऊन, ठमीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, हरियाणाचे. त्यांनी ठमीचा तुरा बघितला, पिसं बघितली, तिला हातावर तोललं.

"खून की कमी है। जुएँ तो हैं ही, पर इतना खून जुएँ नहीं पीतीं। नहाती कहाँ है ये?"

"टब में," मी अभिमानानं म्हणालो. "गरम पानी, शैंपू, बाद में ड्रायर।"

डॉक्टरांनी ठमीला टेबलावर ठेवलं. "सर, पानी से आप नहाइए। मुर्गी मिट्टी में नहाती है। लोटती है, धूल पंखों में भरती है, झाड़ती है। उसी से कीड़े झड़ते हैं। आपके यहाँ मिट्टी नहीं है?"

"थी," सई म्हणाली. "बाबाने टाइल्स लगवा दीं।"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण तिलाही मीच फरशी बसवली होती.

"और रहती किसमें है?" डॉक्टरांनी विचारलं.

मी कपाटाचं वर्णन केलं. सागवान, लाल फडकी, दिवा. ते हसले. "आज शाम, अँधेरा होते ही, बल्ब बंद करके लकड़ी के जोड़ में सफेद कागज रगड़िए। फिर देखिए।" त्यांनी कोंबड्यांसाठी पावडर दिली आणि बजावलं, की ते घर बदललं नाही तर पावडरचा उपयोग नाही.

दिवेलागणीला आम्ही तिघं अंगणात उभे राहिलो. मी खणाच्या सांध्यात कागद घासला, सईनं टॉर्च मारला. कागदावर रक्ताच्या रेघा उमटल्या होत्या.

सांध्यासांध्यातून मिरपुडीएवढे तांबडे किडे बाहेर पडत होते. दिवसभर फटीत अदृश्य, आणि अंधार पडला की शंभर टक्के हजेरी! खिळ्याच्या भोकात ते होते, बिजागरीत होते, लाल फडक्याच्या दर घडीत होते. ना कुणी अर्ज केला होता, ना कुणाला मंजुरी लागली होती. लाकडाची केसभर फटही वाया गेलेली नव्हती. मी प्रशासनात आयुष्य घालवलं, पण असं नियोजन पाहिलं नाही. माझ्या तोंडून नकळत "वा!" निघून गेलं.

"वा काय, अहो! ठमीचं रक्त आहे ते," वर्षा म्हणाली. मी भानावर आलो.

कपाट जाळायला हवं, हे तिघांनाही कळलं होतं. मी तरीही म्हणालो, "रॉकेल मारून बघू. नाहीतर उकळतं पाणी. नाहीतर सगळे सांधे खोलून..."

सई ठमीला छातीशी धरून उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुझं प्रॉमिस कपाटाला होतं की ठमीला?"

दुसऱ्या दिवशी लोहरी होती, तेरा जानेवारीचा पंजाबी शेकोटीचा सण. चढ्ढाजी सकाळपासून ब्लॉकच्या मैदानात लाकडं जमवत होते. मी त्यांच्यापाशी जाऊन म्हटलं, "चढ्ढाजी, लकड़ी चाहिए?" चौघांनी कपाट उचललं. जाताना ते दारात अडकलं. मी त्याला हळूच वळवून बाहेर काढलं, मोठ्या माणसाला जिन्यावरून उतरवतात तसं.

संध्याकाळी शेकोटी पेटली. लोक तीळ, रेवड्या, शेंगदाणे टाकत होते, ढोल वाजत होता. सागवान पेटलं तेव्हा ज्वाळा दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. सगळ्यांनी "ओय होय!" केलं. माझे डोळे भरून आले.

"साब, रोइए मत, त्योहार है," चढ्ढाजी म्हणाले.

"धुआँ है," मी म्हणालो.

चौदा तारखेला सकाळी धुकं निवळून ऊन पडलं. तिघी रात्रभर बाथरूममध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात होत्या. सईनं त्यांना उन्हासाठी मैदानात आणलं. ठमीला दोन पावलं टाकायचीही ताकद नव्हती. सईनं तिला गवतावर ठेवलं. आठवा दिवस होता. सई माझ्याकडे बघत नव्हती.

ठमीनं मान उचलली. समोर थंड झालेल्या राखेचा ढीग होता. ती उठली. एक पाऊल, थांबली, दुसरं पाऊल. राखेपाशी पोचली, चोचीनं टोचून पाहिलं आणि छातीवर स्वतःला आत लोटून दिलं. पायानं राख उकरली, पंख पसरून अंगावर घेतली, मान मागे घासली, एका कुशीवर कलली आणि डोळे मिटले. झिपरी आणि राणीही धावल्या. राखेचा लोट उठला आणि त्यात फक्त पिसं हलताना दिसत होती. दूधवाला सायकल धरून थांबला. चढ्ढाजी शालीसकट उभे राहिले. मी परेड पाहिल्या आहेत, मोठमोठे शपथविधी पाहिले आहेत. पण माझे हात आपोआप जोडले गेले ते त्या सकाळी. अडीच महिने ही बिचारी कोरड्या फरशीवर मला हेच सांगत होती आणि मी त्यावर गाणं लावलं होतं!

ठमी उठली आणि तिनं अंग झाडलं. सगळी राख माझ्या स्वेटरवर आली. सई खदखदून हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

पावडर चालू राहिली, अंगणातल्या निम्म्या फरश्या मी स्वतः उखडल्या, आणि कोंबड्या आता लोखंडी जाळीच्या घरात राहतात, जिथे फट नावाची गोष्ट नाही. चढ्ढाजींनी राखेची दोन घमेली भरून दिली, ती मातीत मिसळली. फेब्रुवारीत ठमीचा तुरा लाल झाला आणि तिनं अंडं दिलं. सईनं ते कुणाला खाऊ दिलं नाही, तीन दिवस फ्रिजमध्ये नुसतं बघायला ठेवलं.

त्या कपाटात मी एकोणीस वर्षं फायली ठेवल्या. त्यातल्या एकीनंही कुणाचं भलं केल्याचं मला आठवत नाही. परवा ठमीची अंघोळ बघताना मी भारावून वर्षाला म्हणालो, "बघ, त्या कपाटाच्या हातून पहिलं उपयोगी काम झालं, ते जळून राख झाल्यावर!"

वर्षा चहा गाळत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "म्हणजे तुमच्या बाबतीतही आशा सोडायला नको."