रोमानियाचं गाणं आणि माझी मंगलाष्टकं

पुतणीच्या हळदीला स्पीकरवर एक गाणं लागलं, तेव्हा मी व्याह्यांना ठामपणे सांगितलं, "ही कारवारकडची कोकणी. होडीवाला प्रेयसीला हाका मारतोय." पाटावर बसलेली पुतणी हळदीनं माखलेल्या तोंडानं म्हणाली, "काका, रोमानियाचं आहे ते. जगभर वाजतंय."

रोमानिया नकाशात नेमका कुठं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तिथल्या कुणीतरी नाचायला म्हणून केलेलं गाणं आमच्या साताऱ्याच्या कार्यालयात येऊन पोचलं होतं, आणि हळद कालवणाऱ्या आत्याबाईसुद्धा त्यावर मान डोलवत होत्या. दोनचार शब्द तर त्या म्हणतही होत्या, अर्थात चुकीचे. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच जळलो.

कारण आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची मंगलाष्टकं मी लिहितो. शार्दूलविक्रीडितात, दोन्हीकडची नावं गुंफून. मी म्हणायला लागलो की लोक मुठीतल्या अक्षता चाळवत 'सावधान'ची वाट बघतात. आजवर माझी एक ओळ कुणी गुणगुणलेली मी ऐकलेली नाही. ते गाणं एवढे देश ओलांडून आलं आणि माझे शब्द बोहल्यापासून पंगतीपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, तेव्हाही तसंच झालं. घरी येताना मी हे दुःख बायकोला सांगितलं. पदरातल्या अक्षता झटकत ती म्हणाली, "अहो, त्या गाण्याचं एक बरं आहे. त्याचा अर्थ कुणाला कळत नाही."