प्रत्येक कॉम्प्युटरवर सौरभ

"काही नाही काकू, फक्त रन करायचं," असं सौरभ तिसऱ्यांदा म्हणाला आणि लॅबच्या कॉम्प्युटरवर तिसऱ्यांदा लाल अक्षरं आली.

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका रिसर्च लॅबमध्ये मी काचसामान धुते आणि फ्रीझरमधल्या नळ्या काढून देते. नळ्यांत पेशंटचं रक्त. वर नुसता नंबर. कुठली नळी कुणाची, कुठल्या खोक्यात, हे फक्त सौरभच्या सॉफ्टवेअरला माहीत. सौरभ पुण्याचा, पीएचडी. सॉफ्टवेअर त्यानंच लिहिलेलं, आणि आमच्याकडं ते चालायचं त्याच्याच लॅपटॉपवर. शुक्रवारी तो नव्या नोकरीसाठी व्हँकूवरला निघणार होता. तोवर इथं चाललं नाही, तर सगळ्या नळ्या कचऱ्यात.

आमची बॉस हेलन. तिनं एकेकाला बसवून पाहिलं. पदवीवाल्यांनी सौरभनं लिहिलेल्या दोन पानी सूचनांवरून नजर फिरवली, कॉम्प्युटर जुना आहे म्हणाले आणि कॉफीला गेले. मग ती मला म्हणाली, तू बस, तुला जमलं तर कुणालाही जमेल. अपमानच होता. पण त्या नळ्या मी रचल्या होत्या, म्हणून बसले.

मी चौथी पास. इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचते, त्यामुळे काही गाळत नाही. लाल ओळ लावली. एस, ए, यू, आर...

"हे तुझं नाव इथं कशाला?"

"तो पाथ आहे, काकू. फाइल कुठं ठेवलीय त्याचा पत्ता."

"तुझ्या लॅपटॉपवरचा पत्ता. या कॉम्प्युटरवर सौरभ कुठं राहतो?"

तो हळूच म्हणाला की मॉन्ट्रियलच्या लॅबनं हे सॉफ्टवेअर घेतलं तेव्हाही असंच अडलं होतं. त्यांना त्यानं सौरभ नावाचा फोल्डर करायला सांगितलं होतं. म्हणजे तिकडची फ्रेंच बोलणारी माणसं रोज सकाळी सौरभ उघडून कामाला लागतात. इथंही तसंच करू, दोन मिनिटांत होईल, म्हणाला. एवढं शिकून हा उपाय.

हेलननं त्याला तो पत्ता काढून टाकायला लावला. आता सॉफ्टवेअर फाइल कुठं आहे ते आधी विचारतं. मग सूचनांची पाळी. मी कॉम्प्युटरपुढं, तो मागं, तोंड बंद. मी अडले की त्यानं तिथं एक ओळ लिहायची. 'फक्त' हा शब्द मी सगळीकडून काढायला लावला. दोन पानांची सात झाली.

गुरुवारी मी एकटीनं चालवलं. सॉफ्टवेअरनं खोकं सांगितलं, मी फ्रीझर उघडला, नळी तिथंच होती.

सौरभ व्हँकूवरला जाऊन वर्ष झालं. त्याला कुणी फोन करत नाही, त्याचं नावही निघत नाही. सॉफ्टवेअर नीट झालं, ते यावरून कळतं.