भंडारा उचलून खरं बोलले

आमच्या प्रभागात पॅनेल चौघांचं असतं आणि मतदाराला चार बटणं दाबायची असतात. हे लोकांना समजावता समजावता उमेदवाराचा निम्मा जीव जातो. उरलेला निम्मा जातो आपल्याच पॅनेलमधल्या माणसांवर नजर ठेवण्यात. कारण जो तो दारात हळूच सांगून येतो, बाकीच्यांचं तुमचं तुम्ही बघा, मला तेवढं विसरू नका. म्हणून आमच्या पक्षात एक प्रथा पडली आहे. अर्ज भरायच्या आधी चौघांनी बेल-भंडारा उचलायचा. देवाचा बेल आणि चिमूटभर हळद तळहातावर घेऊन सगळ्यांदेखत म्हणायचं, मी चारही मतं पॅनेलला मागेन, फुटणार नाही. कुणाला हसू येत असेल तर येऊ दे. कोर्टाच्या कागदावर बिनधास्त खोटी सही ठोकणारी माणसं त्या हळदीपुढे घामाघूम होताना मी पाहिली आहेत.

यंदा चारांतल्या दोन जागा बायकांच्या होत्या. एक माझी, पक्की. दुसरी कोण हे मी सुचवावं, असं आमच्या भागातल्या पक्षप्रमुखांनी सांगितलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. "ताई, तिच्याबरोबर दारोदार तुम्हालाच फिरायचंय," ते म्हणाले, "तुमचं जमलं पाहिजे."

मी माझ्या मैत्रिणीचं नाव सांगितलं. ती निफाडकडची. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो, दोघींनी मिळून बचत गट उभा केला. नळाला पाणी आलं नाही की निवेदन मी लिहिते आणि महापालिकेच्या दारात आवाज ती लावते. माझं बोलणं लोक ऐकून घेतात आणि तिचं ऐकतात. हा फरक मला पहिल्यापासून कळतो आणि थोडा टोचतोही.

नाव ऐकल्यावर अण्णांनी कप खाली ठेवला. "त्यांच्याबद्दल जरा कानावर आलंय."

आलं होतं ते असं. द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्याखाली आमच्या एका कार्यकर्त्याच्या भावाचं मेडिकल आहे. गेल्या वर्षी त्याने तिला पाहिलं होतं. हातात फाईल, चेहरा उतरलेला, आणि ज्या गोळ्या मागितल्या त्यावरून त्याने ओळखलं की बाई पोट पाडायला आली आहे. हे त्याने भावाला सांगितलं, भावाने पक्षात आणलं.

मी अण्णांकडे न बघता टेबलावरचे कप गोळा करायला लागले. कारण त्या दिवशी दवाखान्यात आतल्या खाटेवर मी होते.

मुलगा इंजिनिअर झालेला, त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात केलेली, आणि त्याच्या आईला दिवस गेलेले. मला आधी वाटलं, पाळी जायचं वय आलं, सुटले एकदाची. कसली सुटतेय! नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला आणि कामावर गेला. माणूस भला आहे, पण अशा वेळी त्याला नेमकं काम निघतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कायद्यात बसतंय, तुमची एकटीची सही पुरे. सही एकटीची पुरे होती, पण मला एकटीला पुरत नव्हतं. म्हणून मी तिला बरोबर नेलं. तिने माझी फाईल धरली, चपला सांभाळल्या, खाली जाऊन औषधं आणली. येताना रिक्षा द्वारकेच्या गर्दीत अडकली तेव्हा म्हणाली, "रडायचं तर रड बाई. रिक्षावाल्याला काय, त्याला वाटंल सासू बोलली." मी हसले. खरं सांगते, मला दुःख झालंच नव्हतं. मोकळं वाटत होतं. फक्त कुणाला कळू नये एवढंच वाटत होतं, आणि ते तिने वर्षभर सांभाळलं.

अण्णांच्या ऑफिसात बैठक बसली. पॅनेलमधले दोघे पुरुष, दहाबारा कार्यकर्ते, मी आणि ती. मध्ये टेबलावर ताटात बेल आणि भंडारा. मला वाटलं होतं अण्णा तिला बाजूला घेऊन विचारतील. त्यांनी सगळ्यांसमोरच काढलं.

"समोरचे लोक उद्या हे मोबाईलवर फिरवतील," ते म्हणाले. "आपण लेक वाचवाचे मोर्चे काढलेत. आपल्याच पॅनेलमध्ये अशी बाई असली तर तोंड कुठं दाखवायचं?"

ते मोर्चे मीच काढले होते. माइकवरून शपथ मीच दिली होती. मुलगी आहे म्हणून पाडणं वेगळं आणि बाईने स्वतःचं स्वतः ठरवणं वेगळं, एवढी अक्कल मला आहे. पण त्या खोलीत कुणी तो फरक करत नव्हतं आणि मीही केला नाही.

सगळे तिच्याकडे बघत होते. 'ती मी नव्हते' एवढं म्हटलं असतं तरी ती मोकळी झाली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कोण होती? ती माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाली, "दवाखान्यात मी गेले व्हते. कशाला गेले ते नाय सांगायची. पक्षाचं ते काम नाय."

कुजबुज झाली. मागून एकजण म्हणाला, "निष्ठा असती तर लपवलं नसतं." ही निष्ठेची गोष्ट करणारा गेल्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाचं उपरणं घालून फिरत होता.

अण्णा माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता. भंडारा उचलून सांगा, बाई स्वच्छ आहे. तुमच्या शब्दावर विषय संपला."

माझा जीव भांड्यात पडला. हेच सांगायला मला आता सगळ्यांत जास्त लाज वाटते. मला वाटलं, देवानेच वाट काढून दिली. मला खोटं बोलायची गरजच नव्हती. मी उठले, बेल-भंडारा हातात घेतला आणि माइकवर बोलते त्या आवाजात म्हणाले, "माझ्या मैत्रिणीने असलं घाण काम कधी केलेलं नाही आणि ती करणारही नाही. ती स्वच्छ बाई आहे."

घाण हा शब्द माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. अण्णाही म्हणाले नव्हते. तो मी माझ्या मनाने घातला, कारण त्याने बोलणं जोरदार झालं. टाळ्या पडल्या. मग तिला पुढे बोलावलं. तिने भंडारा उचलला, चारही मतं पॅनेलला मागीन म्हणाली, बेलाचं पान कपाळाला लावलं आणि जागेवर जाऊन बसली.

परत येताना ती माझ्या स्कूटीवर मागे बसली होती. ती आभार मानेल अशी मी वाट पाहत होते. हो, आभार. गल्लीच्या तोंडाशी तिने स्कूटी थांबवायला सांगितली. तिथे उतरली आणि म्हणाली, "खोटं काय बोलली नाय तू."

"मग?"

"मग त्या दिवशी मी कुनाबरोबर गेले व्हते? घाण बाईबरोबर?"

"अगं, मी तुझ्यासाठी बोलले."

"माझ्यासाठी गप बसली असतीस तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तिकीट गेलं असतं, दुसरं काय? मी काय तिकीट घिऊन जन्मले नव्हते." आणि पिशवी उचलून घरी गेली. मी स्कूटी तशीच चालू ठेवून उभी राहिले होते. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

मला वाटलं, आता ही पॅनेलमधून निघेल, नाहीतर फुटेल. तिने तसं काहीच केलं नाही. प्रचारात प्रत्येक दारात आधी माझं बटण सांगते, मग दोघा पुरुषांचं, आणि शेवटी स्वतःचं. माझ्याकडे हात करून म्हणते, "लय स्वच्छ बाई हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चटकन तिच्याकडे बघितलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तिचा चेहरा साधा होता. एकदा मी तिला म्हणालेही, ते नको म्हणत जाऊस. ती म्हणाली, "भंडारा उचललाय ना दोघींनी."

परवा आम्ही बैठ्या घरांच्या ओळीत फिरत होतो. एका दारात दोन मुलांची आई उभी होती. तिने पत्रक घेतलं आणि मैत्रिणीला हळूच आत ओढलं. मी उंबऱ्याशीच होते. "ताई, तुमच्याबद्दल ऐकलं होतं," ती अगदी हळू बोलत होती, "द्वारकेचा तो दवाखाना... घरी कुणाला माहीत नाही... माझ्याबरोबर याल का?"

म्हणजे माझ्या शपथेने पुरुषांचं समाधान झालं होतं, बायकांचं नव्हतं. त्यांना कुणाकडे जायचं ते बरोबर कळलं होतं.

मी एक पाऊल आत टाकलं. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. ओढणी सारखी करत ती मोठ्याने म्हणाली, "गॅसचं विचारत होते, ताई." आणि हसली. ते हसू मी ओळखलं. वर्षभर मी तेच हसत आले आहे.

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. बैठकीत तिने बघायचं टाळलं होतं, इथे सरळ बघत होती. मागे रस्त्यावर कार्यकर्ते झेंडे घेऊन उभे होते, पण त्यांना ऐकू गेलं नसतं. 'मीही गेले होते, काही होत नाही, घाबरू नकोस.' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "गॅसचं बघू हं आपण."

"तू हो फुडं," मैत्रीण म्हणाली. "मी आले."

मी पुढे झाले. पुढच्या घराची बेल वाजवली, हात जोडले, चारही मतं पॅनेलला द्या म्हणाले. दार उघडलेल्या बाईने पत्रक घेतलं, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, "त्या दुसऱ्या ताई नाही आल्या का?"